घोडीवर मी नव्हतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही — आली, कितीदा तरी आली. दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. कांद्याचा भाव, पाणी, गुडघा.

गुडघ्याची गोष्टही खोटीच आहे. पण ते पुढं येईल.

तुम्ही आमच्या जुन्नर-आंबेगावचे नसाल तर आधी एवढं समजून घ्या. आमच्याकडं यात्रेला बैलगाड्यांची शर्यत असते. चढाच्या लांबलचक धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. हलक्या गाड्याला चार बैल जुंपतात आणि त्यांच्या पुढं घोडी पळते. बैल तिच्यामागं सुटतात. त्या घोडीवर ज्याची मांड पक्की, त्याचं नाव होतं. माझं झालं. निरगुडसरात मला आजही ‘घोडीवाले आबा’ म्हणतात. यात्रेत फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसवतात. मी बसतो.

माझी नात मुक्ता पुण्यात असते. मोबाइलवरचे गेम बनवते. हे काय काम, असं मी तिला एकदा विचारलं होतं, तेव्हा ती लहानपणाचं बोलली. तिच्या बापानं घरी कॉम्प्युटर आणला होता, त्यावर ही पोर तासन्‌तास खेळायची. पळणारा पोरगा, लढणारा पोरगा, गाडी हाणणारा पोरगा. पोरगी असलीच तर कुठंतरी कोंडलेली, सोडवायला कुणीतरी येईल म्हणून वाट बघत बसलेली. नाहीतर लढाईला निघालेली, पण अंगावर धड कपडे नाहीत. “आबा, मी दर वेळी पोरगाच होऊन खेळायचे,” ती म्हणाली. “माझ्यासारखं कुणी त्यात नव्हतंच.”

मी मान डोलावली. काय कळलं होतं मला तेव्हा? की सगळंच कळलं होतं?

मग तिनं स्वतःचा गेम करायला घेतला. बैलगाड्यांचा. आपला घाट, आपली यात्रा, आणि घोडीवर एक पोरगी — दोन वेण्या, शाळेचा निळा झगा. तिनं काढलेलं चित्र मला दाखवलं. मी ते फार वेळ बघू शकलो नाही.

तिच्याबरोबर काम करणारी तीन पोरं होती. त्यांचं म्हणणं पडलं, घाटात पोरगी कधी असते का? लोक हसतील. खरं वाटायला पाहिजे. आता त्या गेममध्ये काय आहे ते ऐका. बैल दरीवरून उडी मारतात. घोडीच्या टापांतून जाळ निघतो. भंडाऱ्याची मूठ उधळली की गाडा हवेत तरंगतो. हे सगळं खरं वाटतं! फक्त पोरगी घोडीवर बसली की खोटं वाटतं. ज्यांनी जन्मात शेणाला हात लावला नाही, ते ठरवणार आमच्या घाटात काय खरं आणि काय खोटं! आजही हे लिहिताना माझं डोकं तापतं.

पण त्यांच्यावर तापून काय? त्यांना दाखला हवा होता. तो मी दिला.

मुक्ता शनिवारी आली. मला ओट्यावर बसवलं, मोबाइल समोर धरला आणि विचारलं, “आबा, जुन्या काळी एकदा तरी कुणी पोरगी घोडीवर होती का हो? एकदा तरी?” तिला ‘हो’ हवं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर त्या तिघांची तोंडं बंद झाली असती. आणि ते ‘हो’ माझ्याजवळ होतं — साऱ्या मुलखात फक्त माझ्याजवळ आणि आणखी एका माणसाजवळ.

मी म्हणालो, “न्हाई बाई. पोरीबाळींचं ते कामच न्हाई.”

तिनं मोबाइल खाली केला. रागावली नाही. “बरं,” म्हणाली.

आता ते दुसरं माणूस. माझी धाकटी बहीण, भागीरथी. आम्ही भागी म्हणायचो. आमच्या वडलांनी जुन्नरच्या बाजारातून घोडी आणली ती माझ्यासाठी, पण चारायला न्यायची भागी. पाण्यावर न्यायची भागी. माळावर कुणी नसलं की उघड्या पाठीवर बसून ती अशी सुटायची, की मला बांधावर उभं राहून नुसतं बघवायचंही नाही. मला घोडीची भीती वाटायची. हे वाक्य लिहायला मला सारा जन्म लागला.

यात्रेचा दिवस. आमची बारी जवळ आली. वडील वर, घाटाच्या शेवटी, बैल धरायला उभे. खाली चुलते आणि गडी चार उधळ्या बैलांना जुंपण्यात गुंतलेले. कर्ण्यावर माझं नाव पुकारलं. मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन ओकलो. भागी घोडीला घेऊन तिथंच होती. तिनं माझ्याकडं बघितलं. हसली नाही. “काढ सदरा,” म्हणाली. “फेटा दे हिकडं. दादा, रडू नगं, घोडी माझं ऐकती.”

तिनं माझा सदरा आणि धोतर चढवलं, फेटा भुवयांपर्यंत ओढला, तोंडाला भंडारा फासला. बैल आवरण्याच्या गडबडीत स्वाराकडं बघायला सवड कुणाला होती? निशाण पडलं आणि ती गेली. बघणारे सांगतात, तसा गाडा पुन्हा झाला नाही. तो पहिला आला. मी तिचं लुगडं काखेत मारून, नुसत्या लंगोटीवर, बांधाबांधानं ओढ्याकडं पळत होतो — कारण पल्ला संपला तरी घोडी ओढ्यापर्यंत थांबत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तिथं आम्ही कपडे बदलले. ती घोडीच्या मानेला बिलगून हसत होती. ती म्हणाली, “घरी गेल्यावर तूच सांग. मी सांगितलं तर मार बसंल.” मी हो म्हणालो.

वडलांनी मला खांद्यावर घेतलं. गावानं गुलाल टाकला. मी खांद्यावरून खाली उतरलोच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

सांजेला पाहुण्यांची पंगत बसली होती. भागी वाढत होती. माझ्याकडं बघत होती, वाट बघत होती. मी जेवत होतो. शेवटी तिनंच भाकरीची पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “आज घोडीवर मी व्हते.” पंगत हसली. चुलते म्हणाले, “आन बैल कोन व्हतं गं, तुझी आई?” आणखी हसली. वडलांनी मला विचारलं, “काय रं, खरं का?”

मी म्हणालो, “येडी हाय ती.”

हेच ते. हेच सांगायचं होतं. भीती वाटली, त्याचं मला काही वाटत नाही. पोर होतो. पण ते तीन शब्द भीतीनं बोललो नाही. मला तो गुलाल हवा होता. पुढं गुडघा दुखावल्याचं सोंग करून मी घोडीवर बसणं कायमचं टाळलं आणि नाव तेवढं ठेवून घेतलं. भागीला पुन्हा घोडीजवळ जाऊ दिलं नाही. पुढं तिला पठारावरच्या आणे गावात दिली. तिनं तो विषय पुन्हा कधीच काढला नाही.

मुक्ताचा गेम निघाला. घोडीवर पोरगा आहे. त्याचं नाव तिनं कौतुकानं माझंच ठेवलंय. पोरगी आहे — शेवटी, औक्षणाचं ताट घेऊन उभी. गावातली पोरं मला म्हणतात, आबा, तुमी तर गेममदी आला राव. मी हसतो.

गेल्या वर्षी नारायणगावला एसटी बदलून मी आण्याला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. भागी खाटेवर होती, अंगात काही उरलं नव्हतं. तिची नात तोच गेम खेळत होती. तिनं मोबाइल आजीपुढं धरला — बघ, हा तुझा भाऊ. भागीनं डोळे बारीक करून बघितलं.

“आन ही ताटवाली?”

“ती त्याची बहीण.”

भागी माझ्याकडं वळली. “बरंय की, दादा. ताट तरी दिलं.”

नात चहा ठेवायला आत गेली. आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं आणि विचारलं, औषध वेळेवर घेतीस ना. ती म्हणाली, घेते. चहा झाला. मी उठलो.

थंडीत ती गेली. दहाव्याला लोक मला सांगत होते, तुमची बहीण लई शांत होती.

शांत नव्हती. मी तिला गप्प केलं होतं. मुक्ता, हे तूही इथंच पहिल्यांदा वाचशील — तुझी पोरगी खरी होती. आणि त्या खाटेपाशी जे बोलायला मी गेलो होतो, ते एवढंच होतं: भागे, घोडीवर तू होतीस. मी खोटं बोललो. माझं चुकलं.