गोळीनं दिलेला चेहरा

इंदूला शेवटची आंघोळ घालायला आम्ही चार बायका होतो. पाणी ओतता ओतता शेजारची हौसाबाई तांब्या धरून तशीच थांबली आणि म्हणाली, "आक्का, ही तर तानूच हाय की वं. तानू दुसऱ्यांदा मेली." बाकीच्या दोघी मागं सरकल्या. मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि म्हटलं, "माणूस एकदाच मरतं. ही इंदू हाय. पाणी घालायचं आसंल तर घाल, न्हाईतर घरला जा." तिनं पाणी घातलं, पण मयताच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही. मी बघितलं... आणि खरं सांगायचं तर मलाही तिथं इंदू दिसली नाही. याला आता दोन महिने होत आले. गावात अजून तेच चाललंय, की सवतीनं धाकटीचं अंग धरलं आणि तिला नेलं. म्हणून हे लिहायला बसले. मेली ती कोण होती, एवढं तरी लोकांना कळावं.

तानू आणि इंदू या दोघीही माझ्या जावा, एकाच दिराच्या बायका. पहिली तानू. हाडापेरानं मोठी, तोंड भाकरीसारखं गोल, हसली की ओढ्यापलीकडं ऐकू जायचं. स्वतःचं ताट संपवून माझ्या ताटातली अर्धी भाकरी उचलायची आणि वर म्हणायची, "आक्का, तुमाला पचत न्हाई." ती तापानं गेली तेव्हा तिचा विलास नुकता शाळेत जायला लागला होता. वर्ष सरायच्या आत भावजींनी लोणंदकडची इंदू करून आणली. इंदू म्हणजे काटकी. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल, आणि छातीत दमा. तो दमा तिच्या भावानं लग्न ठरवताना सांगितला नव्हता. आमच्यात दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर मेलेल्या बाईची मूर्ती ठोकलेली. पहिलीचा मान राखला की ती दुसरीला त्रास देत नाही, असा समज. इंदू जेवायच्या आधी एक घास त्या टाकाला दाखवायची. मी म्हणायची, "तेवढ्यानं तानूचं काय व्हतंय?" ती हसायची, पण घास दाखवायची चुकली नाही.

विलासनं मात्र तिला कधी हाकच मारली नाही. आई नाही, काकी नाही, अहो नाही नि अगं नाही. भाकरी हवी असली की ताटाकडं बघत मला म्हणायचा, "थोरली आय, भाकर वाढा म्हणावं." वाढणारी इंदू समोर उभी असायची. ती वाढायची. तिला स्वतःचं मूल झालं नाही. असाच तो मोठा झाला, फौजेत भरती झाला, आणि गेला त्या दिवशीही तिच्याकडं न बघता उंबरा ओलांडून गेला. तिनं लाडू बांधून दिले होते, ते मी त्याच्या पिशवीत घातले. तो दिसेनासा झाल्यावर ती मला म्हणाली, "आक्का, एकदा आय म्हणला असता तर त्याच्या आयचं काय कमी झालं असतं?" इतक्या वर्षांत तिनं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. त्या धुळीनं इंदूचा दमा असा उसळला, की आता ही काही पावसाळा बघत नाही असं मला वाटलं. पलूसच्या डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि आठवड्यानं दाखवायला या म्हणाले. पण तेवढ्यात इंदूची छाती अशी मोकळी झाली, की दाखवायचं काय, असं तिला वाटलं. गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट दुकानात न्यायची, दुकानदार नवं द्यायचा. महिने गेले, वर्ष गेलं. डॉक्टरांना ती कोण, हे आठवतही नसेल.

आधी तिला भूक लागायला लागली. अर्ध्या भाकरीची बाई दोन भाकऱ्या खाऊन टोपल्याकडं बघायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गावातल्या बायका म्हणायच्या, "इंदे, अंग धरलंस गं!" मग चेहरा भरला. गाल फुगले, गालाची हाडं आत बुडाली, डोळे बारीक झाले. ओठावर लव आली, तानूलाही तशीच होती. बोलणं वाढलं, हसणं मोठं झालं. एकदा मी परड्यात शेण लावत होते आणि घरातून हसण्याचा आवाज आला... माझे हात तिथंच थांबले. आत जाऊन बघितलं तर इंदू एकटीच ज्वारी निवडत बसली होती. "का हसलीस गं?" म्हटलं, तर म्हणाली, "कुणास ठाव, आक्का. आपसूकच आलं."

मानेमागं मांसाचा उंचवटा आला, गळा भरला, टाकाचा दोरा रुतायला लागला. तिनं तो काढून देव्हाऱ्यात ठेवला. लांब दोऱ्यात ओवून घालायचा होता, ते राहून गेलं. हौसाबाईनं तिचा मोकळा गळा बघितला, आणि गावात झालं, टाक उतरवला म्हणून तानू आत शिरली. इंदूच्या चोळ्या दंडात उसवायला लागल्या तेव्हा मी ट्रंकेतल्या तानूच्या चोळ्या काढून दिल्या. चांगलं कापड कुजवायचं कशाला? त्या तिला बेतून शिवल्यासारख्या बसल्या. त्यातली एक घालून ती भावजींना वाढायला गेली. त्यांनी वर बघितलं, पाण्याचा घोट घेतला आणि भरल्या ताटावरून उठून रानात निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या तोंडाकडं बघून कधी बोलणं केलं नाही. इंदूच मला एकदा म्हणाली, "आरशात बगितलं की मी आधी पदर सावरती, आक्का. थोरलं माणूस समोर आल्यागत वाटतंय."

विलास बऱ्याच दिवसांनी रजेवर आला तो भर दुपारी. इंदू चुलीपुढं भाकरी थापत होती, पाठ दाराकडं. अंगात तानूची चोळी. विलास लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला आणि बोलून गेला, "आय..." तव्यावरची भाकरी करपली तरी इंदूचा हात हलेना. मग तिनं मान वळवली. तिचा चेहरा बघून त्याचा रंग उडाला. मला वाटलं आता हा आल्या पावली परत जातोय. पण तो उंबऱ्यातच बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आय, पानी दे."

सगळी रजा त्यानं तीच हाक मारली. पाणी हवं असलं तरी, नसलं तरी. इंदू चुलीपाशी असली की दारात बसून तिच्याकडं बघत राहायचा, आणि तिनं वर बघितलं की मान फिरवायचा. एकदा म्हणाला, "आय, मी आजारी असताना तू मला पाठकुळी घिऊन ओढ्याला न्यायचीस, आठवतंय का?" ते तानू करायची. इंदू त्या वेळी लोणंदला बापाच्या घरी होती. ती म्हणाली, "व्हय, आठवतंय की." मी दोघांकडं बघितलं. इंदूला मी त्याआधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि ते खोटं बोलताना तिचा चेहरा जसा झाला होता, तसा तानूचा झालेला मला आठवत होता.

तो गेल्यावर काही दिवसांनी ज्वारीच्या पोत्याला हात लावला आणि इंदू कमरेत अशी लचकली, की उठता येईना. मी तिला सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी हाडांचा फोटो काढला, गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, हे मांस नाही, ही गोळीची सूज आहे. हाडं पोकळ होत चालली आहेत. पोटात जखम होईल, आतून रक्त जाईल. गोळी कमी करायची, पण सांगतो तशी हळूहळू. एकदम सोडलीत तरी जीवावर बेतेल." इंदूनं सगळं ऐकून एकच विचारलं, "आन् तोंड?" ते बिचारे खुशीनं म्हणाले, "उतरेल की. पहिल्यासारखं होईल."

एस.टी.त ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "पयल्यासारखं म्हंजी कुणासारखं, आक्का?"

"तुझ्यासारखं. आणि कुणासारखं?"

"मग त्यो हाक कुणाला मारंल?"

"इंदे, मरशील."

"मरंन की. तुमी काय ऱ्हाणार हाय व्हय?" मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "त्यो मला म्हणत न्हाई, मला का कळत न्हाई? पर ऐकती मीच न्हवं?"

तिनं गोळी कमी केली नाही. पुढच्या रजेत मी विलासला विहिरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. "ती तुझी आय न्हवं. गोळीची सूज हाय ती." तो म्हणाला, "मला ठाव हाय, थोरली आय. मी काय खुळा हाय?" मी विचारलं, "मग कशाला म्हणतोस?" तो म्हणाला, "म्हणाया बरं वाटतंय." पण घरी आल्यावर त्यानं स्वतःच तिला सांगितलं, "आय, डागदर म्हणत्यात तशी गोळी कमी कर. तोंड कसं बी हुंदे, मी आयच म्हणंन." त्याच्या शब्दावर तिनं गोळी कमी केली. कुणी जुनं घर उकरावं तसा आतून तिचा चेहरा वर यायला लागला. आधी हनुवटी, मग गालाची हाडं, मग खोल डोळे. दमाही थोडा परतला. मला बरं वाटत होतं. तिला वाटत नव्हतं.

पुढच्या रजेला विलास आला. दारात उभा राहिला. तिच्याकडं बघितलं, तोंड उघडलं... पण शब्द काही आला नाही. मला म्हणाला, "थोरली आय, पानी द्या म्हणावं." त्यात त्याची लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगते. तो धडपडत होता. जायच्या आदल्या दिवशी त्यानं कशीबशी एकदा हाक मारली, आणि ती न मारलेली बरी होती असं आम्हा तिघांनाही वाटलं.

तो गेला आणि इंदूनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आधीपेक्षा जास्त. माझ्यासमोर घ्यायची. मी पाकीट हिसकावलं तर दुसरं आणायची. बोटांनी गाल दाबून बघायची, आंबा पिकलाय का बघतात तसं. "वैशाखात येणार हाय त्यो," म्हणायची. "तवर भरंल." आणि भरला. या वेळी चेहरा लवकर आला, जणू त्याला वाट माहीत झाली होती. मग पोट दुखायला लागलं. एका सकाळी काळी उलटी झाली. जीपमध्ये घालून सांगलीला निघालो, पण तिथं पोचायच्या आतच ती माझ्या मांडीवर गेली. चेहरा अगदी गोल, भरलेला, विलाससाठी तयार झालेला.

तार मिळून विलास पोचला तोवर राख सावडून झाली होती. त्यानं मला विचारलं, "शेवटाला तोंड कसं हुतं?" मी म्हटलं, "तानूसारखं." तो म्हणाला, "माझ्यामुळं झालं व्हय, थोरली आय?" मी म्हटलं, "गोळीमुळं झालं. डागदरांनी सांगितल्यालं तिनं ऐकलं न्हाई. तुझं काय ते तुझं तू बघ." मग तो म्हणाला, "मला तिचं खरं तोंड आठवंना झालंय." मीही आठवून बघत होते, आणि दर वेळी तानूच पुढं येत होती.

सुतक फिटल्यावर त्यानं घराला चुना द्यायला काढला. मधल्या खोलीत एका जागी चुना धरेना. हात दिला, वाळला, की खालून तेलकट डाग वर यायचा. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, डोक्याएवढाच. पुन्हा हात दिला, पुन्हा वर आला. त्यानं मला हाक मारून विचारलं, "ह्यो डाग कशाचा?" मी सांगितलं, "गोळ्या मिळायच्या आधी तिला आडवं पडता येत न्हवतं. श्वास कोंडायचा. लग्न होऊन आल्यापासनं हितंच भितीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. तिच्या डोईच्या तेलाचा डाग हाय." त्यानं कुंचला बादलीत टाकला, ओला फडका घेतला आणि तेवढ्या जागेवरचा चुना पुसून काढला. बाकीची भिंत पांढरी केली.

परत जायच्या दिवशी गाडीची वेळ झाली तरी हा बाहेर येईना, म्हणून मी आत डोकावले. तो त्या डागासमोर उकिडवा बसला होता, समोरासमोर. डागाला गाल नाहीत, डोळे नाहीत, ओठ नाहीत. त्यानं कुठंही मान न फिरवता सरळ तिकडं बघितलं आणि म्हणाला, "आय, येतो मी."

तेव्हा मला छातीची घरघर ऐकू आली. त्यालाही आली असावी, कारण तो हलला नाही. भिंतीपलीकडं गोठा आहे, म्हशीनं सुस्कारा टाकला असेल. पण तानूला दमा नव्हता, आणि इंदूची छाती कशी वाजायची ते मी चांगलं ओळखते.