चेनसाहेबांकडची शाई

बॅलार्ड पिअरवर बोट सुटताना आई म्हणाली, "पत्रं लिहीत राहा, आणि कुणाला भिऊ नकोस." ह्यांचं संशोधन म्युनिकला चालू होतं. लग्नानंतर आठ महिन्यांनी मी एकटीच निघाले होते.

आमच्या खालच्या मजल्यावर चेनसाहेब राहायचे. महायुद्धाआधी चीनहून शिकायला आले आणि इथलेच झाले. एकदा उघड्या दारातून मी त्यांना कुंचल्यानं अक्षरं काढताना पाहिलं आणि तिथेच उभी राहिले. त्यांनी खुर्ची सरकवली. तेव्हापासून शनिवारची दुपार त्यांची.

पहिला महिना फक्त शाई घोटली. दगडावर थोडं पाणी, त्यावर शाईची कांडी, हळूहळू गोल. मग कुंचला सरळ उभा, कोपर टेबलाच्या वर. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, त्यांचं प्रत्येक अक्षर न आखलेल्या चौकोनात तोल सांभाळून उभं असतं. मी एकदा बिघडलेली रेघ पुन्हा गिरवली, तर म्हणाले, "नाइन! दुरुस्ती नाही. पुढचं चांगलं काढा."

तीन वर्षांत हात बसला. मग बासष्टचं युद्ध आलं. माझा धाकटा भाऊ मधू सीमेवर होता. इथल्या आपल्या मंडळींपैकी एकांनी तोंडावर विचारलं, "वहिनी, भाऊ तिकडे लढतोय आणि तुम्ही चिनी अक्षरं गिरवता?" मी जाणं थांबवलं. जिन्यात चेनसाहेब दिसले की मान खाली घालायची.

चौथ्या शनिवारी मला स्वतःचीच लाज वाटली. ह्यांना म्हटलं, "अहो, मी खाली जातेय." हे म्हणाले, "जा."

"माझा भाऊ तिथे आहे," मी दारातच सांगितलं.

चेनसाहेबांनी खुर्ची सरकवली. "माझा पुतण्याही सैन्यात आहे," ते म्हणाले. "कुठे, ते कळत नाही. बारा वर्षांत पत्र नाही." मग दगड पुढे सरकवला. "आल्झो, चला, शाई घोटा."

माझी पहिली रेघ वाकडी गेली. त्यांनी हात धरला नाही, नवा कागद पुढे केला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं एकच अक्षर काढत बसलो.

मधू सुखरूप परतला. मी ती तार आधी चेनसाहेबांना दाखवली. त्यांच्या पुतण्याचं मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मी इथल्या बायकांना कुंचला धरायला शिकवते. लेक मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. तुम्ही सांगलीची माणसं पत्रात विचारता, घरी कधी येणार? जिथे मनातलं भय बोलून दाखवलं तरी कुणी दार लावत नाही, ते माझं घर. असं एक सांगलीत आहे. म्युनिकमध्ये दोन झाली, एक वर आमचं, एक खाली चेनसाहेबांचं.