पहिल्या भिंतीची टॉवेल-टोपी

करवत मारली की भुसा पडतो, तसे आमच्या शेडमध्ये किस्से पडतात. मुद्दाम कुणी करत नाही, पण संध्याकाळी बघावं तर घोट्याएवढा ढीग! त्यातले निम्मे नामदेवचे. हाच तर माझा वांधा आहे.

सुरतेजवळ कडोदऱ्याला आमचे गुजराती शेठ फार्महाउससाठी लाकडी घरं बनवतात. वीट फक्त पायाला. वर-खाली आडव्या पट्ट्या, मधे उभ्या पट्ट्या, असा भिंतीचा सांगाडा जमिनीवर झोपवून ठोकायचा. बाहेरच्या अंगाला प्लाय मारायचा आणि सगळ्यांनी मिळून भिंत उभी करायची. आतला प्लाय नंतर. मी आणि नामदेव दोघेही धुळ्याकडचे सुतार, एकाच दिवशी कामाला लागलो. पण नशीब बघा!

*

सांगाडा ठोकला की कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावायचा. दोन्ही तिरकी मापं सारखी आली की भिंत गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात.

नामदेवची मापं सारखी आली. शेठ म्हणाले, "वाह, नामदेवभाई!"

माझीही सारखी आली. शेठ म्हणाले, "ठीक छे, चा मंगावो."

*

उभ्या पट्ट्यांमधे आडवे ठोकळे असतात, तेच आमचं फडताळ. चहाचा ग्लास, तंबाखूची पुडी, सगळं तिथे. एकदा नामदेवने तिथे मोबाइल ठेवला आणि आतला प्लाय ठोकून मोकळा झाला! थोड्या वेळाने भिंतीतून रिंग वाजायला लागली. म्हटलं, आता सापडला बेटा!

शेठ पोट धरून हसले. "नामदेवभाईनी तो दीवालेय बोले छे!"

मी एकदा प्लाय मारताना खिडकी बुजवली होती. तेव्हा कुणी हसलं नाही.

*

एका घरमालकाच्या आईने भिंतीवर टकटक केली. "आ तो पोलू छे!" म्हणजे आतून पोकळ.

नामदेव लगेच म्हणाला, "बा, तिजोरी पण पोलीज होय ने!"

बा खूश. हेच उत्तर माझ्या ओठावर आलं होतं, देवाशप्पथ! जळून खाक झालो मी.

*

आपल्याकडे दाराची चौकट उभी राहिली की पूजा होते, मिस्त्रीला टॉवेल-टोपी मिळते. दर साइटवर तो मान नामदेवचा. पलसाण्याच्या साइटवर मात्र पुढच्या दाराची, म्हणजे पहिली उभी राहणारी भिंत मी बनवली. मीच! शेठ म्हणाले, "आ वखते मान तमारो." मी गावी बायकोला फोन केला, "टोपी घातलेला फोटो धाडतो, तुझ्या बापालाही दाखव."

हळद-कुंकू वाहिलं, भिंत उभी केली. मी आतल्या बाजूला, दाराला लागून, दोन्ही हातांनी धरून उभा. तिरके टेकू ठोकेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर वाऱ्याने अंगावरच येते. आणि टेकू ठोकायला बाहेर हातोडी घेऊन कोण? नामदेव!

तेवढ्यात पूजेचे महाराज ओरडले, "मुहूर्त जाय छे!" घरमालक घाईघाईने टोपी घेऊन आले. ज्याच्या हातात हातोडी दिसली, त्याच्या डोक्यावर ठेवली.

मी प्लायमागून ओरडलो, "अहो, मिस्त्री इकडे आहे!"

नामदेव टोपी सावरत म्हणाला, "सोडू नको भाऊ, आजून टेकू लागना नही!"

शेठनी फोटो ग्रुपवर टाकला, मी पुढे गावी पाठवला. त्यात दाराच्या कडेला चार बोटं दिसतात, ती माझी.

बायकोचा फोन आला. "फोटो भेटना. नामदेवभाऊले टोपी भारी दिखस!"