धक्का द्यायला एक माणूस

गाडी थांबवायची, मान न वळवता मागच्या सीटवर दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, "बसा. तुमचीच गाडी आहे." आमच्या गल्लीतला टायपिस्ट मला असाच आठवतो. थापेनं सीटवरची धूळ उडायची आणि बसणाऱ्याच्या तोंडावर यायची.

मी चौथी शिकलेला मिलमजूर. सजवून लिहिणं मला जमत नाही. होता तसा सांगतो.

त्याचे दोन्ही पाय लहानपणीच वाळले होते. कचेरीसमोर कडुलिंबाखाली मशीन मांडून तो लोकांचे अर्ज टाइप करायचा. तिथं जायला हातानं पायडल फिरवायची तीनचाकी सायकल होती. रेल्वेच्या पुलाचा चढ लागला की आम्ही मिलवाले एका हातानं आपली सायकल धरायचो आणि दुसऱ्यानं त्याची गाडी ढकलायचो. वर पोचलो की "बिचारा" म्हणायचो. दुसऱ्याला बिचारा म्हटलं की आपल्याला किती बरं वाटतं, तुम्हीही पाहिलं असेल.

मग सरकारची योजना निघाली आणि त्याला इंजिनाची गाडी मिळाली. स्कूटरच, पण मागं दोन चाकं. पेट्रोलातही सूट. मागच्या पाटीवर लाल रंगात मोठं 'अपंग' लिहिलेलं. पहिल्याच दिवशी त्यानं हॉर्न वाजवत आम्हा सगळ्यांना मागं टाकलं. तेव्हापासून तो बिचारा राहिला नाही, सरकारचा जावई झाला.

जावई अर्ध्या पुलापर्यंतच पोचला. तिथं गाडी फट् करून बंद पडली. आम्ही सायकली दामटत गेलो तर तो आरामात आमची वाट पाहत बसलेला. पाटीकडे अंगठा करून म्हणाला, "ते गाडीचं नाव आहे गा, माहं नोहे. ढकला आता."

गल्लीच्या तोंडाशी किराणावाल्या काकांचं दुकान. त्यांना ती गाडी फार खुपायची. "आमाले दोन पाय आहेत हा आमचा गुन्हा काय? आमच्या पैशाची गाडी उडवून राहिला!" असं ते गिऱ्हाइकाला साखर मोजता मोजता सांगायचे. एकदा त्यानं ऐकलं. ब्रेक लावला, थापा मारल्या. "बसा काका. तुमचीच गाडी आहे."

काका लाजेनं बसले की मोहानं, देव जाणे. सीताबर्डीपर्यंत हवा खाऊन आले. दुसऱ्या दिवशी तेलाचा रिकामा पिपा घेऊन स्वतःच दारात उभे! मग काय, सगळी गल्लीच सुटली. कोणाचं दळण, कोणाच्या संत्र्यांच्या टोपल्या, कोणाचा स्टेशनावर उतरलेला जावई. बोलणं मात्र बंद झालं नाही. आता लोक गाडीत बसून म्हणायचे, "सरकार पैसा लय उधळते गा."

माझ्या बायकोला दमा होता. मी पाळीवर असलो की मंगळवारी तोच तिला दवाखान्यात न्यायचा. तो तिला वयनी म्हणायचा, ती त्याला भाऊ.

"भाऊ, हळू! मांगं मानूस बसलं आहे, कडबा नाही."

"कडबा इतका बोलत नाही, वयनी."

ती हसायची, हसली की खोकायची, आणि खोकली की पुन्हा त्यालाच शिव्या. मागच्या पोळ्याला ती गेली. घरात आता बोलणारं कोणी नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

तर, कोणीतरी वर तक्रार केली की हा सवाऱ्या नेतो. गाडी फक्त त्याच्या वापरासाठी, दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही, असा नियम. चौकशीला साहेब येणार. खरं निघालं तर गाडी परत. म्हणजे पुन्हा हातानं पायडल, आणि आता त्याचे खांदेही गेले होते.

गल्लीनं ठरवलं, झाडून सगळ्यांनी चांगली साक्ष द्यायची. काका कोट घालून आले. "साहेब, देवमाणूस! माह्या दुकानाचा सारा माल यानंच आणला."

"आमच्या जावयाले टेसनावरून आणलं," दुसरा म्हणाला.

"रोज चार-चार लोकं नेते, पन एक पैसा घेत नाही!"

एकेका स्तुतीबरोबर साहेबांचा चेहरा उतरत चालला. टायपिस्टानं कपाळाला हात लावला. "बस करा गा. आता तारीफ बस करा."

तेवढ्यात माझी बायको पुढं झाली. "सायेब, हे सारे फेकून राहिले. तो कोनाले नेत नाही, आमी त्याले नेतो. पुलावर गाडी बंद पडते. त्याले उतरता येत नाही. धक्का द्याले मानूस लागते का नाही?"

"नवी गाडी बंद पडते?" साहेब म्हणाले.

सीटवर दोन थापा पडल्या. "बसा साहेब. तुमचीच गाडी आहे."

साहेब बसले. आम्ही सगळे गाडीमागं पळालो. अर्ध्या पुलावर, देवाची कृपा, फट्! साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी हात मागं बांधले. शेवटी ते उतरले, बाह्या सारल्या आणि माथ्यापर्यंत ढकलत गेले. घाम पुसत म्हणाले, "धक्का द्यायला एक माणूस सोबत चालेल. एकच. उद्या कोण येणार?"

"मी," माझी बायको म्हणाली. ती नुकतीच चढून पोचली होती, भात्यासारखी धापा टाकत. साहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि तसंच लिहून घेतलं.

मग ती रोजची थट्टाच झाली. काका दोन पोती घेऊन चढायचे आणि सांगायचे, "मी धक्का हाये गा."

पुढं काविळीनं तो गेला. आठवडाही लागला नाही. मागं कोणी नव्हतं. गाडी सरकारची, ती न्यायला दोन माणसं आली. ती चालूच होईना. एक जण हँडल धरून बसला आणि सगळी गल्ली ढकलायला लागली. कोणी 'बिचारा' म्हणालं नाही. पुलाच्या चढाला बायकोनं त्या लाल पाटीवर तळवा टेकला.

"तू राहू दे वं," मी म्हणालो.

ऐकते कुठली! माथ्यावर आम्ही हात सोडले. उतारावर गाडी आवाज न करता आपोआप निघाली.

बायको कठडा धरून उभी राहिली. श्वास परत आल्यावर म्हणाली, "आज खराच धक्का देल्ला म्या."

येताना आम्ही पायी आलो, थांबत थांबत. मागून कुठल्याही गाडीचा हॉर्न आला की ती बाजूला व्हायची आणि पदर सावरायची, बसायच्या बेतानं.