करंजाच्या तेलावरची नाव

नदीवरची सगळ्यात प्रामाणिक नाव मी जप्त केली. तीही दोन पंच बोलावून, रीतसर पंचनामा करून. नोकरीतल्या कितीतरी केसेस आता धूसर झाल्या, पण ही काही केल्या विसरता येत नाही.

दोन हजार सालानंतरचे दिवस. मार्कंड्याच्या देवळांच्या खालच्या अंगाला, वैनगंगेकाठच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. तिथल्या मासेमार ढिवर समाजातल्या बायकांच्या बचत गटानं नावेला इंजिन बसवलं होतं. डिझेलऐवजी करंजाच्या तेलावर चालवायचं, या अटीवर सरकारनं अनुदान दिलं होतं. बायका जंगलातून करंजाच्या बिया वेचत, घाण्यावर तेल काढत आणि माणसं, धानाची पोती पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात पोचवत.

एक दिवस त्याच घाटावर डिझेलची नाव चालवणारा एक नावाडी ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, अनुदान करंजाचं अन् आत डिझेल! फळी उचलून पाहा."

नाव काठाला लागून बंद होताच आम्ही फळी उचलली. खाली डिझेलची छोटी टाकी. इंजिनाच्या नळीतूनही डिझेलच निघालं. नमुना बाटलीत भरून मी लाखेचं सील मारलं. तेव्हा माझी छाती जरा जास्तच फुगली असावी.

गटाची प्रमुख पन्नाशीची बाई. इंजिनही तीच चालवायची. तिला ठाण्यात बसवून मी विचारलं, "बाई, डिझेल वापरता?"

"वापरतो ना साहेब. पण कसं हाय का—"

"विचारलं तेवढंच सांगा."

"मंग तुमाले उत्तर पायजे का कबुली?"

मी कबुली लिहून घेतली. गुन्हा सिद्ध झाला असता तर अनुदान रद्द, इंजिन परत आणि बायकांच्या हाती नाव ढकलायला पुन्हा बांबू. बाई उठताना एवढंच म्हणाली, "इंजिन नका नेऊ साहेब. लय मेहनतीनं शिकलो आमी."

जप्तीची नाव ठाण्याजवळच्या घाटावर आणायला मी हवालदाराला पाठवलं. डिझेल हा मुद्देमाल, तो संपवायचा नाही, असा वर हुकूम. त्यानं आज्ञा पाळली. इंजिन सुरू होताच दोन टाक्यांमधली तोटी डिझेलवरून करंजाकडे फिरवली, तशीच नाव आणली आणि तशीच बंद केली. म्हणजे नाव करंजावरच चालते, ही आरोपीची बाजू माझ्याच हवालदारानं नदीभर सिद्ध केली. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पौषातली कडाक्याची सकाळ. जिल्ह्याच्या ठिकाणाहून अनुदानाचे अधिकारी तपासणीला हजर. इंजिन सुरूच होईना. हँडल मारून मारून हवालदार घामाघूम झाला. शेवटी आरोपीलाच बोलावणं धाडलं.

बाईनं नळी सोडवली. आत तेल तुपासारखं थिजलेलं.

"बंद कराच्या आंधी डिझेल नाई सोडलं?" तिनं हवालदाराला विचारलं. मग गरम पाणी मागवून नळी शेकत ती मला म्हणाली, "थंडीत हे थिजते साहेब. म्हनून सुरू करायले डिझेल. इंजिन तापलं का करंज. काठ जवळ आला का पुन्हा डिझेल, नळी धुवाले. मधातली सारी नदी करंजावर."

"हे कोणी शिकवलं?"

"दोनदा इंजिन बंद पडलं, त्यानंच."

आम्ही नावेत बसलो. मधल्या धारेत अधिकाऱ्यांनी नळीतून नमुना घेतला. पिवळा, जाडसर, करंजाच्या उग्र वासाचा. "सुरू-बंद करायला डिझेल चालतं, नियमातच आहे," ते म्हणाले. जी युक्ती आम्ही गुन्हा ठरवली होती, ती तिनं पुस्तकाशिवाय शोधली होती. तशी हुशारी मला पुढे अनेक शिकलेल्यांतही दिसली नाही.

नावाडी खोटं बोलला नव्हता. त्यानं काठावरचं पाहिलं, तेच सांगितलं. खबर खरी असली तरी केस खोटी असू शकते, आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडलं की उरलेलं आपल्यालाच भोवतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

कागद रद्द करून, नाव तिच्या ताब्यात देऊन मी म्हटलं, "बाई, राग धरू नका."

"राग काऊन धरू? नळी बुजली होती, घडीभरात मोकळी झाली. तुमच्या कानाचं पाहा आता."