सुमनमावशींचा पहिला टेक

सुमनमावशींचं त्यांच्या मुलासाठीचं शेवटचं बोलणं मी डिलीट केलं.

आज त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

पनवेलच्या मासळी बाजारात मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच मासे घ्यायचे. घासाघीस केली की म्हणायच्या, "बाय, कॉलेजात गेलीस, पन ताजा बांगडा वळखाया नाय शिकलीस."

आयुष्यभर मशेरी लावली. जिभेचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, जीभ काढावी लागेल.

मुलगा दिनेश जहाजावर नोकरीला होता. इतक्यात येऊ शकत नव्हता. जहाज बंदराला लागलं की फोन करायचा, तेवढाच.

"त्याच्यासाटी माजा आवाज ठेवायचा हाय," मावशी म्हणाल्या. "तुज्याकडं तो मोटा कॅमेरा हाय ना?"

होता. नवा डीएसएलआर. खारघरला दोन रविवार वर्कशॉप केलं होतं आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. चांगला व्हिडिओ हवा तर ऑटो नाही. सगळं मॅन्युअल.

कोळीवाड्यातल्या त्यांच्या खोलीत मी त्यांना खिडकीशी बसवलं. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस, सगळं हाताने लावलं. बाहेर ढग होते. त्या उजेडाचा हिशोब धरून.

"एवड्यात दोन पापलेटं तळून झाली असती, बाय."

मग त्या बोलायला लागल्या आणि कॅमेरा विसरल्या.

दिनेशला शिव्या घातल्या. शेजारीण दारात डोकावली, तिला हाकललं, "जा गं, पोराशी बोलतेय मी." हसल्या. मग आवाज खाली आला.

"दिन्या, उद्या मी नाय बोलले तरी तू फोन कर. तू बोल. मी ऐकन."

नेमकं तेव्हाच ऊन आलं. स्क्रीनवर त्यांचा अर्धा चेहरा उजेडाने पांढराफटक झाला.

ऑटोवर असता तर कॅमेऱ्याने स्वतःच सांभाळून घेतलं असतं.

मी म्हटलं, "मावशी, परत घेऊ."

आणि ती क्लिप तिथेच उडवली. कार्डात भरपूर जागा होती. खराब क्लिप ठेवायची मला सवय नव्हती, इतकंच.

दुसऱ्या टेकला त्या अडखळल्या. तिसरा टेक उत्तम आला. चेहऱ्यावरची रेघन् रेघ स्पष्ट. त्यात त्या म्हणतात, "दिनेश, वेळेवर जेव. माझी काळजी करू नको."

बस्. एवढंच.

मी तो दिनेशला पाठवला. मावशींना वाटलं, पहिल्या टेकसकट सगळंच पाठवलं.

ऑपरेशननंतर भेटायला गेले, तर मोबाईल उशाशी. त्यांनी बोटाने त्याच्याकडे दाखवलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "समुद्रात रेंज नसेल हो."

खरं मला माहीत होतं. दिनेशने मला मेल केला होता: आई बोलू शकत नाही, मग फोन करून काय करू? शेजारच्या काकूंकडून खबर घेतो.

एका ओळीचं उत्तर पुरलं असतं. फोन कर, तिने सांगितलंय.

पण मग तो म्हणाला असता, ते कुठे सांगितलंय, दाखवा. आणि मला पहिल्या टेकबद्दल बोलावं लागलं असतं.

मी उत्तर दिलं नाही. उद्या देऊ, उद्या देऊ करत राहिले.

महिन्याभराने मावशी गेल्या. दिनेश तेव्हाही जहाजावरच होता.

काल उलव्याला त्याच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. इथे लिहू का, तेही विचारलं. लिहिल्याने माझंच मन हलकं होणार असेल तर नको, असंही म्हटलं.

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

मग तो म्हणाला, "लिवा ताई."

मी उठले. तो दारापर्यंत आला. मी चप्पल घालत होते तेव्हा त्याने विचारलं,

"शिव्या कंच्या दिल्या तिनं?"

मी आठवून पाहिलं. तिथेच, दारात उभी राहून. खूप आठवून पाहिलं.

एकही आठवली नाही.

मावशी, तुम्हाला नमस्कार. माफी मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.