मावशीला बसवत नव्हतं

आमच्या मावशीची उभी हयात बसची कंडक्टरकी करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लेक तिला परदेशात, आपल्याकडे घेऊन गेली. ते गाव इतकं शांत, की भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. लेक-जावई कामावर गेले की मावशी घासलेली भांडी परत घासायची, सरकवलेले पडदे परत ओढायची.

लेक म्हणायची, "आई, आयुष्यभर उभी राहिलीस. आता बस की जरा!"

"बसूनच तर अंग आंबलंय गं."

एका रविवारी ती कुणाला न सांगता निघाली आणि कोपऱ्यावरच्या बसमध्ये चढली. तिथे कंडक्टर नव्हताच. लोक यंत्राला कार्ड टेकवून गुपचूप बसत होते. मावशी मात्र दांडी धरून मधोमध उभी राहिली. पुढच्या थांब्यावर एक म्हातारी काठी टेकत उतरायला निघाली, ती दारात पोहोचायच्या आतच बस हलली.

"अहो थांबा! म्हातारं माणूस उतरतंय!" मावशी कडाडली.

भाषा कुणालाच कळली नाही, पण ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. सगळी बस तिच्याकडे बघत राहिली. तिने म्हातारीला हात देऊन खाली उतरवलं. मग परत आत चढून दांडी धरली.

घरी लेक चिडलेलीच होती. "कुठे होतीस? आमच्या जिवाला घोर!"

"बसने शेवटपर्यंत जाऊन आले."

"काय आहे तिथे?"

"काही नाही. शेतं आहेत. तिथून बस वळते." मावशी चपला न काढताच खिडकीशी उभी होती. "ती दुसरी, निळी बस कुठे जाते गं?"